सोपो पन्नासचा, पावती वीसची

मिरच्यांची_भाची

बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मामी आठवडी बाजारात बसते. कुठल्या ते लिहीत नाही, कारण तिला पुढच्या आठवड्यातही तिथेच बसायचंय. घरच्या मिरच्या, सोलं, आळसांदे, चतुर्थी आली की माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान. पहाटेची पहिली बस, दोन टोपल्या, एक गोणपाट. दहाच्या सुमारास सोपोवाला येतो. (गोव्याबाहेरच्यांसाठी: सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा कर. पालिका किंवा पंचायत तो स्वतः गोळा करते, नाहीतर पावणी करून ठेकेदाराला देते. पावणी म्हणजे लिलाव.) तर हा सोपोवाला घेतो पन्नास आणि पावती फाडतो वीसची.

परवा मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर अख्खा दिवस बसले. माझं काम हिशेब तपासायचं, त्यामुळे आकडा जुळला नाही की तोंड गप्प बसत नाही. म्हटलं, "पन्नास घेतलेत ना, मग पन्नासची द्या." तो हसला, मामीकडे वळून म्हणाला, "मावशे, ही कोण?" मामीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. तो गेल्यावर म्हणते, "तो मनीस वायट न्हय गो. ताकाय फुडें दिवचें पडटा."

त्यालाही पुढे द्यावे लागतात. हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

तर प्रश्न असा: वरचे तीस रुपये म्हणजे काय? लाच? भाडं? खंडणी? पेपरात वाचावं तर हे सगळं "असंघटित क्षेत्र", म्हणजे कराच्या जाळ्याबाहेरचे लोक. मामी विकते किती, तर चांगल्या दिवशी हजार-बाराशे. त्यातले पन्नास बसण्याचेच जातात, नफ्यातून नव्हे, विक्रीतून. माझ्या ऑफिसातल्या कुठल्या साहेबाला एवढा कर बसतो?

अर्धा_पाव

वीस पालिकेला, तीस लोकशाहीला. सरळ हिशेब आहे, ताई.

जुना_कारकून

धागा चांगला आहे. एकतीस वर्षं पंचायत कार्यालयांत खर्डेघाशी केली, थोडं आतलं सांगतो.

ते तीस रुपये बाजारात जन्माला येत नाहीत, पावणीच्या खोलीत येतात. सोपोचा दर ठरावाने ठरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं वाढवत नाहीत, कारण दर वाढवला की विक्रेते ओरडतात आणि विक्रेत्यांना मतं असतात. कागदावर बसणारे समजा दीडशे. दीडशे गुणिले वीस गुणिले बाजाराचे दिवस, एवढीच वर्षाची रास. पण पावणी चढत जाते ती या राशीच्या कितीतरी वर. खोलीतल्या प्रत्येकाला हे गणित येतं. बोली लावणाऱ्याला येतं, हातोडा आपटणाऱ्यालाही येतं. वीसच्या पावतीवर हा माणूस एवढी रक्कम कशी काढणार, असं कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

म्हणजे गंमत बघा. मामीच्या तीस रुपयांतले काही रुपये रीतसर पालिकेच्याच तिजोरीत जातात, ठेक्याची रक्कम म्हणून, ठरावासकट. बाकीचे ठेकेदाराला, आणि त्यातून "फुडें". हे दोन प्रवाह कुठे वेगळे होतात ते मी नोकरीत असतानाही नक्की सांगू शकलो नसतो.

मिरच्यांची_भाची

@जुना_कारकून, हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे बेकायदा वसुली ही कायदेशीर उत्पन्नात आधीच धरलेली असते?

जुना_कारकून

धरलेली असते असं कोणी लिहून देणार नाही. पण हो.

दुकानदार_तिसरी_पिढी

मामीबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो.

माझं दुकान आजोबांच्या काळापासूनचं. मी ट्रेड लायसन्स काढतो, जीएसटी भरतो, वजनमापवाल्यांकडून दरवर्षी काटा पास करून घेतो, दोन पोरांचा पीएफ भरतो. माझ्याच दारात फूटपाथवर तोच माल घेऊन माणूस बसतो. त्याला ना लायसन्स, ना बिल. गिऱ्हाईक माझ्या दुकानात शिरायला वाट शोधतं, मग कंटाळून त्याच्याकडूनच घेतं. त्याने पन्नास दिले काय न् शंभर, माझ्या महिन्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. "गरीब विक्रेता" म्हणून डोळे भरून येण्याआधी हेही बघा. पन्नास रुपयांत त्याला संरक्षण मिळतं. मला माझ्या करांत काय मिळतं? इन्स्पेक्टर.

हिशेबी_मास्तर

वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. (निवृत्त झालो तरी खडू सुटत नाही, माफ करा.)

"इन्फॉर्मल" हा शब्द अर्थशास्त्रात रुळला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. कीथ हार्ट हा मानववंशशास्त्रज्ञ घानातल्या आक्रा शहरात फिरला, आणि त्याला दिसलं की आकडेवारीत ज्यांना बेकार धरलंय ते दिवसभर काही ना काही धंदा करतायत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली जगभरचा अंदाज दिला: दोन अब्जांवर माणसं, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, अशाच कामात. आपल्या देशात हे प्रमाण त्याहून पुष्कळ वर, दहांत नऊच्या आसपास. तेव्हा मामी अपवाद नव्हे. अपवाद तुम्ही-आम्ही पगारदार.

आता भ्रष्टाचार कुठे शिरतो? पेरूच्या एर्नांदो द सोतो यांच्या माणसांनी १९८०च्या दशकात लिमा शहराच्या वेशीवर दोन शिलाई मशिनांचा छोटा कारखाना रीतसर नोंदवायचा प्रयोग केला. रोज सहा तास खेटे घालून २८९ दिवस लागले. असं असेल तर माणूस नोंदणी करेलच कशाला? न नोंदवता बसेल आणि जो विचारायला येईल त्याचं तोंड गोड करेल. पुढे २००० साली ६९ देशांची आकडेवारी घेऊन एक अभ्यास झाला. त्यात निष्कर्ष असा की लोक चोरवाटेला लागतात ते कराच्या दरापायी तितके नाहीत, जितके कचेरीतल्या जाचापायी आणि लाचेपायी. म्हणजे दुकानदारसाहेबांचा "इन्स्पेक्टर" आणि मामीचा "सोपोवाला" ही एकाच घरातली भावंडं.

अर्धा_पाव

२८९ दिवसांत? लिमा फारच कार्यक्षम दिसतंय. माझ्या मेव्हण्याची फाईल पाचव्या वर्षात गेलीय, आता तिला बालवाडीत घालायची म्हणतोय.

डिचोलीचा_ट्रक

मास्तर, तुमचं म्हणणं असं दिसतं की नियम सोपे केले, सगळं नोंदणीकृत झालं की लाच संपली. मी हसतोय.

आमच्या तालुक्यात सगळं नोंदणीकृत होतं. खाणींना लीज होतं, ट्रकला परमिट होतं, बार्जला नंबर होता, खनिजाच्या प्रत्येक खेपेला पावती होती. माझे दोन ट्रक होते, दोन्ही कर्जाचे, सगळे कागद पिशवीत. मग शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा खाणकामाने सुमारे ३५,००० कोटींचं नुकसान झालं, असा त्यातला अंदाज. आकड्यावर पुढे वाद झाले, ते सोडा. सप्टेंबर २०१२ला राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. २०१४ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ला ८८ लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं. मार्चात पुन्हा सगळं शांत.

बेकायदा काम पावतीशिवाय झालं का? नाही, पावतीसकट झालं. आणि बंदी आल्यावर पहिलं कोण मेलं? ज्यांचा कागदच नव्हता ते. रस्त्यावरचे पंक्चरवाले, चहाचे गाडे, ट्रक धुणारी पोरं, भाताच्या खानावळी चालवणाऱ्या बाया. ट्रकमालकांना सरकारने थोडीफार मदत दिली, कारण आमचा नंबर आरटीओत होता. आमच्या वळणावर शिरा-उसळ विकणारी बाय होती, ती कुठल्याच यादीत नव्हती. ती एके दिवशी आली नाही. मग कधीच आली नाही.

म्हणून सांगतो, कागदावर असणं आणि स्वच्छ असणं ही दोन वेगळी गावं आहेत.

हिशेबी_मास्तर

@डिचोलीचा_ट्रक, चूक पदरात घेतो. क्लिटगार्ड नावाच्या अभ्यासकाची एक मांडणी आहे: मक्तेदारी अधिक मर्जी, वजा जबाब देण्याची सक्ती, म्हणजे भ्रष्टाचार. त्यात धंदा नोंदलेला की बिननोंदीचा हा शब्दच नाही. खाणीत मक्तेदारी आणि मर्जी दोन्ही भरपूर होती. मी अर्धंच सांगितलं.

पुणेकर_पाहुणा

थोडं अवांतर. गेल्या मे महिन्यात किनारपट्टीत भाड्याची स्कूटर घेतली. एका दिवसात तीनदा अडवलं. तिसऱ्यांदा कळलं की स्कूटर खासगी नंबरची होती, भाड्याने द्यायला परवानगीच नव्हती तिला. साहेब म्हणाले, तालांव (म्हणजे दंडाची पावती) केला तर एवढे, नाहीतर पाचशे. मी पाचशे दिले. माझं काय चुकलं?

पिवळा_मडगार्ड

तुमचं हे चुकलं की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं नसलेली गाडी घेतली. त्याने तुम्हाला शंभर-दीडशे स्वस्त दिली असेल. ते दीडशे तुम्ही वाचवले आणि पाचशे दिले.

मी मोटरसायकल पायलट. पुढचं मडगार्ड पिवळं, बॅज, परमिट, सगळं आहे. मागे बसवून भाडं घेणं आमच्याकडे कायद्याने चालतं, हे बाहेरच्यांना खरंच वाटत नाही. आता माझ्या स्टँडसमोर एक पोरगा सहा खासगी स्कूटर लावतो. परमिट नाही, विमा धंद्याचा नाही. मी एकदा विचारलं, बाबा, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "पात्रांव, माझं महिन्याचं ठरलेलं आहे. भीती तू बाळग, तुझं ठरलेलं नाही." आणि खरंच. शर्टाचं वरचं बटण लावलं नाही म्हणून तालांव मलाच बसला होता एकदा.

जुना_कारकून

@पुणेकर_पाहुणा, आणखी एक चुकलं. भ्रष्टाचारविरोधी कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते.

पुणेकर_पाहुणा

मे कधीच संपला. आता मी फरार समजायचं का?

अर्धा_पाव

पुण्यात कोणी विचारलं तर सांगा, गोव्यात गुन्हा करून आलोय. मान वाढेल.

दोन_खोल्या

मी माझं सांगते. सासूबाईंच्या जुन्या घरात दोन खोल्या पर्यटकांना देते. पर्यटन खात्यात नोंदणी करायला निघाले. खरंच निघाले होते, प्रामाणिकपणे! पहिलाच प्रश्न: घर कोणाच्या नावावर? एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबाराच तो) अकरा नावं. त्यातली चार माणसं वारलेली, दोन पोर्तुगालात, एक मुंबईत, जो फोन उचलत नाही. वाटणीचा दावा घालायचा तर आमची हयात जाईल. अकरा सह्या नाहीत म्हणून ना-हरकत नाही, ते नाही म्हणून पंचायतीचा परवाना नाही, तो नाही म्हणून नोंदणी नाही. तिथला एक भला माणूस मला म्हणाला, "बाई, चालू ठेवा, कोण बघतंय." दोन महिन्यांनी दुसरा एकजण आला आणि म्हणाला, "बाई, चालू कसं ठेवलंत?"

घरपट्टी मात्र बिनचूक घेतात. माझे दीर म्हणतात, घरपट्टीची पावती आहे म्हणजे आपण कायदेशीर. वकिलाने सांगितलं, घरपट्टी भरली म्हणजे घरपट्टी भरली. बाकी काही होत नाही.

मिरच्यांची_भाची

@दोन_खोल्या, हे वाचून काटा आला. मामीचं थेट हेच आहे. सांगते नंतर, एक गोष्ट विचारायची आहे तिला.

काजूची_भट्टी

आमच्या धंद्याचंही लिहा कोणीतरी. फेणीच्या भट्टीचीही अबकारी खात्याकडे पावणी होते, हंगाम जेमतेम तीन महिने. २००९ला फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, दारूच्या दुकानात तिच्या बाटल्यांना सोनेरी झाकणं आली. माझ्या बापाची उर्राक (काजूची पहिल्या वाफेची दारू) अजून गळ्यापर्यंतच्या प्लास्टिकच्या कॅनमधून जाते. गिऱ्हाईक तीच मागतं. आणि तुमच्या या धाग्यावर लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी एप्रिलात तो कॅन असतो, मला माहीत आहे. बिल मागितलं का कधी?

अर्धा_पाव

बिल? आम्ही लिंबूसुद्धा घरून नेतो.

बेळगावी_कुंदा

हसताय ते ठीक. मी जरा वेगळं लिहिते.

माझा भाऊ किनाऱ्यावर हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम करतो. नेमणूकपत्र नाही, पगार रोख, राहायला एका खोलीत सातजण. खोलीमालकाने पोलिसांत भाडेकरूंची माहिती द्यायची असते, तो देत नाही, कारण दिली तर खोल्या मोजल्या जातील. भाऊ कुठेच नाही. ना मालकाच्या वहीत, ना खोलीमालकाच्या, ना सरकारच्या.

डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याच्या नाईटक्लबात आग लागली. २५ माणसं गेली. त्यातली वीस तिथले कामगार होते, बहुतेक बाहेरगावचे, झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ. पुढे बातम्यांत आलं की त्या बांधकामाला पंचायतीने पाडण्याची नोटीस दिली होती आणि वरून तिला स्थगिती मिळाली होती. म्हणजे माहिती होती. कागद होता. कागदावर कागद ठेवला गेला.

त्या रात्री मी भावाला चौदा वेळा फोन लावला. तो दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच हॉटेलात होता, भांडी घासत होता, फोन चार्जिंगला. मला मध्येच वाटलं, त्याला काही झालंच असतं तर तो तिथे कामाला होता हे मी सिद्ध कशाने केलं असतं?

मामीच्या तीस रुपयांचं वाईट वाटतंच. पण हप्ता नुसते पैसे खात नाही. तो दरवाजा कुठे आहे, किती रुंद आहे, हे बघायला येणाऱ्या माणसालाही खाऊन टाकतो.

डिचोलीचा_ट्रक

यावर काय लिहिणार. भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं, बाय.

नागेशीचा_नारळ

सगळा घोळ बाहेरच्यांनी केलाय. गोंयकाराने कधी असे धंदे केले नाहीत. हे घाटी लोक

[प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. – चालक]

चालक

एकदाच सांगतो. किनाऱ्यावरचा शॅक (झावळ्यांचं तात्पुरतं हॉटेल) गोंयकाराच्या नावाने सोडतीत मिळतो आणि पोटभाड्याने बाहेरच्याला जातो, पोटभाडं नियमात बसत नसतानाही. त्यात घेणारा किती दोषी आणि देणारा किती, यावर बोला. माणसाच्या गावावर बोलायचं असेल तर दुसरीकडे जा.

दुकानदार_तिसरी_पिढी

बेळगावी_कुंदा यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस झाले. एक गोष्ट आधी लिहायची टाळली होती ती लिहितो. बायको म्हणाली, लिहायचंच तर पूर्ण लिही.

माझ्या दारातला तो फूटपाथवाला, ज्याच्याबद्दल मी वर एवढं लिहिलं, तो मला दिवसाला दोनशे देतो. दुकानासमोरची जागा म्हणून. जागा पालिकेची आहे. पहिल्यांदा मीच मागितले की त्याने दिले, ते आता आठवत नाही. पावती अर्थातच नाही. माझ्याकडून विजेचं एक टोकही घेतो बल्बासाठी, त्याचे वेगळे.

म्हणजे त्याला बसायला एकूण दिवसाचे अडीचशे पडतात. गाळ्याचं भाडं याहून कमी असेल.

अर्धा_पाव

शेट, तुम्ही तर पोट-पालिका निघालात!

जुना_कारकून

कबूल केलंत, हे थोडं नाही. बहुतेक बाजारांत हे असंच असतं, बोलत कोणी नाही.

आता कायद्याचं. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्राचा कायदा आहे. शहरात विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, विक्री प्रमाणपत्र द्यायचं, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हुसकायचं नाही. नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते असले पाहिजेत आणि त्यातल्या एकतृतीयांश बायका. नियम चांगला आहे. पण विचार करा, प्रत्येक विक्रेत्याकडे प्रमाणपत्र आलं की सोपोवाल्याचे तीस, शेटचे दोनशे आणि गाडी उचलायला येणाऱ्यांचे जे काय असतील ते, सगळे कशाच्या जोरावर मागणार? ज्यांनी सर्वेक्षण करायचं त्यांच्या आजूबाजूचेच यावर जगतात. मी कोणावर आरोप करत नाही. फक्त घाई कोणालाच का नसते ते सांगतो.

पिवळा_मडगार्ड

मटक्याचं बघा ना. आमच्या नाक्यावर फळीवर बसून आकडा घेतो तो बेकायदा, १९७६चा जुगारबंदी कायदा. त्याच कायद्यात १९९२ला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं चालवली, १९९६ला बोटीवर कॅसिनो. फळीवाल्याची फळी मांडवी नदीत ढकला, कायदेशीर होईल.

हिशेबी_मास्तर

@पिवळा_मडगार्ड, वर्गात असतात तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. कोणता धंदा "संघटित" आणि कोणता "असंघटित" ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, कोणीतरी आखलेली आहे, आणि आखणाऱ्याशी ज्याची ओळख असते त्याच्या बाजूने ती सरकते.

पुणेकर_पाहुणा

पण आता क्यूआर कोड आले ना? रोखच संपली तर हप्ता कुठून घेणार?

दुकानदार_तिसरी_पिढी

जुलै २०२५मध्ये बंगळुरात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, आठवतं? चाळीस लाखांवर माल विकला की नोंदणी लागते, असं धरून. त्यानंतर आमच्याकडेही दोन भाजीवाल्यांनी कोड टोपलीखाली सरकवला. विचारलं तर म्हणाले, रोख द्या, सुटे देतो. ज्याची वर्षाची विक्री तीन लाख नाही तोही घाबरला. आणि हप्तेवाला तर कायम रोखच घेतो.

अर्धा_पाव

हप्त्याचा क्यूआर कोड ज्या दिवशी निघेल त्या दिवशी देश डिजिटल झाला समजायचं.

मिरच्यांची_भाची

मंडळी, उशीर झाला. मधल्या काळात तीन बाजार झाले, तिन्हींना मी मामीबरोबर गेले. सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. ट्रकवाल्या भाऊंची शिरा-उसळवाली बाय ऐकून ती गप्प झाली, शेटच्या दोनशेवर खळखळून हसली, म्हणाली, मला आधीच ठाऊक होतं.

दोन_खोल्या यांना म्हटलं होतं, सांगते. तर मी मामीला विचारलं, तू भांडत का नाहीस? ती उठली आणि माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून आणला. आत पावत्या. रबर लावलेले गठ्ठे, वर्षावार. काही इतक्या जुन्या की शाई उडून नुसता कागद राहिलाय, काहींना मिरचीचा रंग लागलाय. सगळ्या कमी रकमेच्या. प्रत्येक पावती खोटी म्हणायला हवी, आणि मामीकडे ती व्यापारी आहे हे सांगणारा दुसरा एक कागद नाही.

२०२०ला पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, विनातारण दहा हजारांचं कर्ज. सर्वेक्षणात नाव नसलेल्यांना शिफारसपत्र लागायचं, आणि ते मागताना तू इथे बसतेस कशावरून, असं विचारलं गेलं. मामीने डबा टेबलावर पालथा केला. शिफारस मिळाली, कर्ज मिळालं, फेडलं, मग वीस हजारांचं मिळालं, त्यातून तिने मिरची कांडायचं यंत्र घेतलं. हे सगळं त्या सोपोवाल्याच्या पावत्यांवर. तो उद्या रागावून पावती फाडायचा थांबला तर? पैसे घेईलच, कागद देणार नाही. म्हणून माझ्या मांडीला चिमटा.

दोन_खोल्या

माझी घरपट्टी. अगदी तीच.

बेळगावी_कुंदा

तो डबा पावसात सांभाळा. फोटो काढून ठेवा सगळ्यांचे.

जुना_कारकून

गेली इतकी वर्षं मी अशा पावत्या पुस्तकांनी मोजल्या. कोणाच्या घरी त्या गठ्ठ्याने जपल्या जात असतील हे कधी मनात आलं नाही.

पण मग तिन्ही बाजारांना काय झालं?

मिरच्यांची_भाची

हो, ते राहिलंच. पहिल्या बाजाराला मी काही बोलले नाही. त्याने पन्नास घेतले, वीसची दिली. मी पावती उलटी करून मागे पेनाने लिहिलं: "५० दिले", तारीख, वेळ. नुसतं लिहिलं आणि डब्यात टाकलं. दुसऱ्या बाजाराला पुन्हा तेच. त्याने बघितलं. "बाय, हें कित्याक बरयता?" म्हणजे हे कशाला लिहितेस. मी म्हटलं, माझी हिशेबाची सवय आहे. बाजूच्या कोकमवालीने माझं पेन मागून घेतलं. तिच्या पुढच्या नारळवाल्याला लिहिता येत नाही, त्याची मीच लिहिली.

तिसऱ्या बाजाराला तो आला, पेन बघितलं, आणि मामीकडून तीस घेतले.

डिचोलीचा_ट्रक

आणि पावती?

मिरच्यांची_भाची

वीसचीच.

अर्धा_पाव

वीस सोपो, दहा लाच, वीस पेनाची सवलत. मामींना विचारा, या खुशीत अर्धा किलो मिरच्या कितीला देतील.

मिरच्यांची_भाची

विचारलं. म्हणते, बिल हवं असेल तर वेगळा भाव.